आमवाताचा इतिहास आणि मुंबईच्या अनाम स्त्रिया

मराठीत 'वात' हा शब्द फार सोयीचा आहे. गुडघा दुखला की वात, कंबर धरली की वात, टाचेत कळ आली तरी वातच. आपल्या मोहल्ल्यांत त्याच्या जोडीला 'गठिया' आहे. शब्द इतका सोयीचा असला की त्याच्या आड पुष्कळ काही झाकले जाते. पन्नाशीनंतर झिजणारा गुडघा, पायाच्या अंगठ्यात मध्यरात्री आग पेटवणारा गाऊट, चिकुनगुनियानंतर महिनोन्महिने रेंगाळणारी सांधेदुखी आणि ऐन चाळिशीतल्या बाईला सकाळी तासभर मूठ मिटू न देणारा आमवात हे चार वेगळे आजार आहेत. त्यांची कारणे वेगळी, औषधे वेगळी, शेवटही वेगळे. २००६ साली मालेगावात चिकुनगुनियाची साथ आली तेव्हा हजारो लोक एकदम सांध्यांनी जखडले. त्यातल्या बहुतेकांचे दुखणे हळूहळू ओसरले. पण अशा गर्दीत एखादीचा आमवात सुरू झालेला असला तरी तिची गणना साथीच्या दुखण्यातच होते, आणि दोन वर्षे निघून जातात.

या लेखाचा विषय तो चौथा आजार आहे. डॉक्टर त्याला ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस म्हणतात. मराठीत त्याला संधिवातही म्हणतात, पण तो शब्द झिजेलाही लागतो, म्हणून इथे आमवात हाच शब्द वापरला आहे. त्याचा इतिहास वाचताना एक गोष्ट पुन्हा पुन्हा समोर येते. रोगी श्रीमंत पुरुष असला की वैद्यकाची नजर तीक्ष्ण होते, रोगी गरीब बाई असली की ती मंदावते. या इतिहासाचा एक महत्त्वाचा दुवा मुंबईतल्या गरीब मुसलमान बायकांपाशी आहे, आणि तो आपल्यापैकी फारच थोड्यांना ठाऊक आहे.

जुन्या ग्रीक वैद्यांनी सांध्यांच्या आजारांपैकी सर्वांत जास्त लिहिले ते गाऊटवर. तो राजेरजवाड्यांचा, मांस-मद्याच्या पंगतींचा रोग होता, आणि वैद्याचे पोट अशाच रोग्यांवर चालत असे. ग्रीकांची ही विद्या अरबीत आली तेव्हा तिथे दोन संज्ञा रूढ झाल्या: सर्व सांधेदुखीसाठी 'वजा-उल-मफासिल' आणि गाऊटसाठी 'निक्रिस'. अबू बक्र अल-राझी (८६५-९२५) यांनी या विषयावर स्वतंत्र लेखन केले. इब्न सीना (मृत्यू १०३७) यांच्या 'अल-कानून'मध्ये सांधेदुखी, निक्रिस आणि कमरेतून पायात उतरणारी कळ यांची चर्चा एकत्र येते. या सगळ्यांच्या औषधांत एक नाव ठळक आहे, सुरंजान. आजही युनानी दवाखान्यात 'माजून सुरंजान' मागितले तर मिळते. १८२० साली फ्रान्समध्ये पेल्तिए आणि कावाँतू या दोघांनी या वनस्पतीतून कॉल्चिसीन वेगळे काढले, आणि गाऊटच्या झटक्यावर ते आजही दिले जाते. म्हणजे आपल्या हकिमांची निरीक्षणशक्ती कमी नव्हती. पण गाऊटवर खरे उतरलेले औषध आमवातावर लागू पडत नाही. 'सुरंजान गठियावर रामबाण' असे म्हणताना गठिया कोणता, हे कोणी विचारत नाही.

आपल्या बाजूला माधवकराच्या 'माधवनिदाना'त, म्हणजे साधारण सातव्या-आठव्या शतकात, 'आमवात' हे स्वतंत्र प्रकरण आले आहे. अंग जड होणे, भूक जाणे, ताप, सांध्यांना सूज, दुखणे एका सांध्यातून दुसऱ्यात सरकणे, ही त्यातली लक्षणे. ते वर्णन आजच्या व्याख्येशी तंतोतंत जुळते असे नाही, पण 'हा वातरक्ताहून वेगळा आजार आहे' एवढे त्या वैद्याला कळले होते. गंमत म्हणजे ८५० च्या सुमारास अली इब्न रब्बन अल-तबरी यांनी लिहिलेल्या 'फिरदौस अल-हिकमा' या अरबी ग्रंथात हिंदी वैद्यकावर एक भाग आहे, आणि त्यात चरक, सुश्रुत आणि अष्टांगहृदय यांच्याबरोबर 'निदान' या ग्रंथाचाही आधार घेतलेला आहे. आयुर्वेद त्यांचा आणि युनानी आपली, अशी वाटणी करून भांडणाऱ्यांनी हे पान वाचावे. त्या काळचे विद्वान औषधाला धर्म विचारत नव्हते.

युरोपात या आजाराला स्वतःचा चेहरा मिळाला तो १८०० साली, पॅरिसच्या साल्पेत्रिएर या रुग्णालयात. हे एरवीचे रुग्णालय नव्हते. निराधार, म्हाताऱ्या, वेड्या ठरवलेल्या, रस्त्यावरून उचललेल्या बायका तिथे ठेवल्या जात. ऑग्युस्तँ ज्याकोब लांद्रे-बोव्हे हा अठ्ठावीस वर्षांचा तरुण तिथे शिकत होता. डॉक्टरकीच्या प्रबंधासाठी त्याने नऊ बायकांचे वर्णन लिहिले. त्या सगळ्यांचे अनेक सांधे एकदम सुजत, दुखणे वर्षानुवर्षे चाले, अंगातली ताकद जाई. त्याने हा गाऊटचाच एक प्रकार मानला, पण नेहमीच्या गाऊटहून वेगळा, कारण गाऊट धडधाकट, खात्यापित्या पुरुषांना गाठतो आणि हा अशक्त, गरीब बायकांना. इतर मोठे डॉक्टर खासगी दिवाणखान्यांतून हिंडत होते, म्हणून त्यांना हा आजार दिसला नव्हता. नव्या माणसाने नवे काही पाहिले याचे मला फारसे नवल वाटत नाही. त्याला पाहण्यासाठी ज्या खाटा मिळाल्या त्या गरीब बायकांच्या होत्या, एवढेच.

त्यानंतर लंडनचा आल्फ्रेड बॅरिंग गॅरोड आला. त्याची युक्ती साधी होती. रोग्याच्या रक्ताचे पाणी एका बशीत घ्यायचे, त्यात थोडे आम्ल घालायचे आणि एक दोरा बुडवून ठेवायचा. गाऊट असेल तर दोऱ्यावर युरिक आम्लाचे स्फटिक जमतात. या दुसऱ्या आजारात दोरा कोराच राहतो. १८५९ साली आपल्या ग्रंथात त्याने या आजाराला 'ऱ्हुमॅटॉइड आर्थ्रायटिस' हे नाव सुचवले. नाव मिळाले, पण कारण सापडले नव्हते.

हा आजार म्हणजे नेमके काय, ते आता थोडक्यात सांगायला हवे. सांध्याच्या आत एक पातळ अस्तर असते. ते वंगणासारखा द्रव तयार करते. आपल्या शरीराची संरक्षक यंत्रणा, जी एरवी जंतूंशी लढते, ती आमवातात या अस्तरावरच चालून जाते. अस्तर सुजते, जाड होते आणि कूर्चा व हाड कुरतडू लागते. म्हणून दुखणे दोन्ही हातांना सारखे, मनगटात आणि बोटांच्या मुळाच्या पेरांत जास्त. रात्रभर विश्रांती घेतल्यावर सांधे आखडतात आणि हालचाल केल्यावर मोकळे होतात. झिजेच्या गुडघ्याचे याच्या उलट असते, तो चालल्यावर दुखतो. फजरच्या वुजूला नळ फिरवता येत नाही आणि जोहरपर्यंत बोटे बरी होतात, असे एखादी सांगत असेल तर तिचे म्हणणे लक्ष देऊन ऐकावे. पुरुषांपेक्षा बायकांत हा आजार दोन-तीन पटींनी जास्त. काही घराण्यांत त्याची वाट आनुवंशिकतेने मोकळी असते, आणि विडी-सिगारेटचा धूर त्या वाटेवर भर घालतो. 'थंड पाण्यात काम केले म्हणून झाला', 'आंबट खाल्ले म्हणून झाला' या समजुतींना आधार नाही. त्यांनी फक्त बाईच्या माथी दोष येतो.

नॉर्वेच्या एरिक वालर यांना १९३०च्या दशकाच्या अखेरीस दिसले की या रोग्यांच्या रक्तात एक घटक आहे, जो विशिष्ट प्रकारे तयार केलेल्या मेंढीच्या रक्तपेशींच्या गुठळ्या करतो. १९४८ साली अमेरिकेत हॅरी रोझ यांनी तेच स्वतंत्रपणे दाखवले. हाच 'आर. ए. फॅक्टर', ज्याचा कागद घेऊन रोगी दवाखान्या-दवाखान्यांतून फिरतात. पुष्कळ रोग्यांत तो सापडत नाही आणि काही निरोगी माणसांत सापडतो, हे मात्र त्या कागदावर छापलेले नसते.

कारण ठाऊक नसताना उपचार तर करावे लागतातच. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला अशी कल्पना पसरली की शरीरात कुठेतरी दडलेला जंतू सांध्यांत विष पाठवतो. मग दात उपटले गेले, टॉन्सिल काढले गेले. हजारो माणसे बोळकी झाली आणि सांधे होते तसेच राहिले. रॉबर्ट कॉख यांना १८९० मध्ये दिसले होते की सोन्याचा एक क्षार क्षयाचे जंतू रोखतो. आमवात हा क्षयाचाच भाऊबंद असावा असे समजून फ्रान्सच्या झाक फॉरेस्तिए यांनी १९२९ मध्ये रोग्यांना सोन्याची इंजेक्शने दिल्याचे जाहीर केले. समजूत चुकीची होती, पण औषध काही जणांना खरोखर लागू पडले. १९६०च्या सुमारास ब्रिटनमध्ये रीतसर चाचणी झाली तेव्हाही ते सिद्ध झाले. मात्र त्वचा, मूत्रपिंड आणि रक्त यांवर त्याचे वाईट परिणाम होत, म्हणून ते मागे पडले. स्वीडनच्या डॉ. नाना स्वार्ट्झ या बाईंनी गंधकयुक्त सल्फा औषध आणि ॲस्पिरिनच्या जातीचे औषध यांची रासायनिक गाठ बांधून सल्फासालाझीन तयार करवले. तेही जंतूंच्याच कल्पनेतून जन्मले. दुसऱ्या महायुद्धानंतर मलेरियाची औषधे काही रोग्यांच्या सांध्यांनाही आराम देतात असे आढळले. त्यातूनच १९५०च्या दशकात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आले. चुकीच्या वाटेने जाऊन योग्य मुक्कामी पोचण्याची इतकी उदाहरणे वैद्यकाच्या दुसऱ्या शाखेत क्वचितच सापडतील.

मग १९४८ साल उजाडले. अमेरिकेतल्या मेयो क्लिनिकच्या फिलिप हेंच यांनी वीस वर्षांपूर्वीच दोन गोष्टी हेरल्या होत्या. कावीळ झाली की आमवात तात्पुरता थांबतो, आणि गरोदरपणातही बहुधा तो निवतो. म्हणजे शरीरातच असे काही द्रव्य असले पाहिजे जे या आजाराला दाबू शकते. त्यांचे सहकारी एडवर्ड केंडल मूत्रपिंडावरच्या ग्रंथींतील द्रव्ये वेगळी करत होते. मर्क कंपनीच्या लुईस सॅरेट यांनी बैलाच्या पित्तापासून त्यातले एक द्रव्य लांबलचक प्रक्रियेने बनवले. २१ सप्टेंबर १९४८ रोजी एकोणतीस वर्षांच्या, अंथरुणाला खिळलेल्या एका बाईला त्याचे पहिले इंजेक्शन दिले गेले. काही दिवसांत ती चालू लागली, आणि आठवडाभराने बाजारात खरेदी करून आली. त्या द्रव्याचे नाव कॉर्टिझोन. हेंच, केंडल आणि स्वित्झर्लंडचे राइखस्टाइन यांना १९५० मध्ये नोबेल पारितोषिक मिळाले. वैद्यकाच्या इतिहासात शोध आणि नोबेल यांच्यात इतके थोडे अंतर फारच कमी वेळा दिसते.

पण तेव्हाच दुसरी बाजूही उघड होत होती. औषध थांबवले की दुखणे दुप्पट जोराने उसळे. चालू ठेवले तर चेहरा गोल सुजे, हाडे ठिसूळ होत, साखर वाढे, जखमा भरत नसत, दडलेला क्षय डोके वर काढी. हेंच स्वतः याला 'बरे करणारे औषध' म्हणत नव्हते. आजही तज्ज्ञ डॉक्टर स्टेरॉइड वापरतात, पण थोड्या मात्रेत, थोड्या काळासाठी, दुसरे औषध लागू पडेपर्यंतचा पूल म्हणून.

आपल्याकडे मात्र त्या आठवड्याचा चमत्कार पुडीत बांधून विकला जातो. 'सहा दिवसांत वात गायब' अशी पाटी आपण सगळ्यांनीच पाहिली आहे. कोणी तिला जडीबुटी म्हणतो, कोणी खानदानी नुस्खा. अशा पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असल्याचे तपासण्यांत वारंवार आढळले आहे. पुडी घेणारी बाई उठून भाकऱ्या थापू लागते, घरच्यांना वाटते गुण आला. तिचे हाड आतून कुरतडणे चालूच असते, फक्त ओरडणे बंद झालेले असते. तीन-चार वर्षांनी ती खऱ्या डॉक्टरकडे पोचते तेव्हा बोटे वाकलेली, हाडे पोकळ झालेली आणि वर साखरेचा आजार. मला विचाराल तर हकिमीची बदनामी तिच्या विरोधकांनी केली नसेल एवढी तिच्या नावाने पुड्या बांधणाऱ्यांनी केली आहे.

आता मुंबईकडे येऊ.

१९२८ साली ल्यूसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या. गरोदर बायका मोठ्या संख्येने का मरतात, याचा शोध घेणारी एक चौकशी मार्गारेट बाल्फोर यांच्या पुढाकाराने हाफकिन संस्थेत चालली होती. विल्सबाईंच्या वाट्याला पांडुरोगाचे काम आले. मुंबईच्या गरोदर बायकांत एक विचित्र पांडुरोग होता. रक्तपेशी संख्येने कमी, पण आकाराने मोठ्या. लोह देऊन उपयोग होत नव्हता. विल्सबाईंनी जंतू शोधले, ते सापडले नाहीत. मग त्या घरोघरच्या जेवणाकडे वळल्या. वेगवेगळ्या थरांतल्या, वेगवेगळ्या धर्मांच्या बायका काय खातात याची त्यांनी नोंद केली. त्यात एक गोष्ट ठसठशीत निघाली: सर्वांत निकस जेवण गरीब मुसलमान बायकांचे होते, आणि हा पांडुरोगही त्यांच्यातच सर्वाधिक होता.

हे वाक्य मी प्रथम वाचले तेव्हा क्षणभर थांबलो. १९२८ सालच्या मुंबईतल्या आपल्या पणज्या-खापरपणज्या वैद्यकाच्या इतिहासात अशा रीतीने नोंदल्या गेल्या आहेत. नावांनी नव्हे, भुकेने.

विल्सबाईंनी मुंबईच्या त्या बायकांसारखा आहार उंदरांना देऊन पाहिला. उंदरांच्या अंगावरच्या उवांनी तो प्रयोग बिघडवला, म्हणून पुढे माकडांवर प्रयोग झाले. महागडे उपाय फसल्यावर एका माकडाला त्यांनी मार्माइट खाऊ घातले. मद्य तयार करताना खाली उरणाऱ्या किण्वापासून बनवलेला हा काळा, खारट, स्वस्त लगदा इंग्रज लोक पावाला लावून खातात. माकड सुधारले. मग तेच मुंबईच्या बायकांना दिले, आणि त्याही सुधारल्या. १९३१ मध्ये हा निष्कर्ष छापून आला. त्यातल्या गुणकारी द्रव्याला काही काळ 'विल्स फॅक्टर' असेच म्हणत. १९४१ साली अमेरिकेत चार टन पालकापासून ते द्रव्य वेगळे काढण्यात आले, आणि पानाला लॅटिनमध्ये 'फोलियम' म्हणतात म्हणून त्याचे नाव फोलिक आम्ल ठेवले गेले. आज सरकारी दवाखान्यात प्रत्येक गरोदर बाईला मिळणाऱ्या गोळीत लोहाबरोबर असते ते हेच. हा सगळा धागा मुंबईच्या त्या बायकांच्या ताटापासून सुरू झाला.

याचा आमवाताशी संबंध काय, असे वाचक विचारतील. संबंध पुढच्या माणसाने जोडला, आणि तोही हिंदीच होता. यल्लाप्रगडा सुब्बाराव हे १८९५ साली आंध्रातल्या भीमवरम येथे जन्मले, १९२३ मध्ये अमेरिकेत गेले, हार्वर्डमध्ये नावाजण्याजोगे काम करूनही तिथे त्यांना कायमची जागा मिळाली नाही, आणि ते लेडर्ले या औषध कंपनीत दाखल झाले. त्यांच्या हाताखालच्या चमूने १९४५च्या सुमारास फोलिक आम्ल कृत्रिमरीत्या बनवले. बोस्टनचे सिडनी फार्बर मुलांच्या रक्ताच्या कर्करोगावर काम करत होते. फोलिक आम्लाने तो रोग बहुधा वाढतो असे त्यांना दिसले. मग त्याच्या उलट काही हवे. सुब्बारावांच्या चमूने फोलिक आम्लासारखे दिसणारे पण त्याचे काम अडवणारे द्रव्य बनवून दिले, ॲमिनोप्टेरिन. १९४७ च्या डिसेंबरात फार्बरनी ते वापरायला सुरुवात केली आणि १९४८ मध्ये निष्कर्ष छापले. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये सुब्बाराव वारले. त्या द्रव्याचे थोडे बदललेले रूप म्हणजे मेथोट्रेक्सेट.

१९५१ साली गबनर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ॲमिनोप्टेरिन आमवाताच्या रोग्यांना देऊन पाहिले आणि त्यांना गुण आलेला दिसला. पण कोणी लक्ष दिले नाही. कॉर्टिझोनच्या नोबेलला जेमतेम वर्ष झाले होते. सगळ्यांचे डोळे तिकडे होते. कर्करोगाचे विषारी औषध सांधेदुखीला कोण देणार? तीस-पस्तीस वर्षे अशीच गेली. अधूनमधून एखादा डॉक्टर आपल्या रोग्यांना ते देत राहिला. १९८५ मध्ये वाइनब्लॅट आणि त्यांच्या सहकाऱ्यांची रीतसर चाचणी छापून आली, आणि १९८८ मध्ये अमेरिकी सरकारने आमवातासाठी मेथोट्रेक्सेटला मान्यता दिली. आज जगभर या आजाराचे पहिले आणि मुख्य औषध तेच आहे. ते स्वस्त आहे, आपल्याकडे सर्वत्र मिळते.

आणि तरीही ते पोचत नाही. रोगी दुकानातून गोळी आणतो, घरातला शिकलेला मुलगा नाव शोधतो, आणि सांगतो, 'अम्मी, ये तो कॅन्सर की गोली है.' गोळी कपाटात जाते. हा घोटाळा समजून घ्यायला हवा. कर्करोगात हे औषध प्रचंड मात्रेत देतात. आमवातात आठवड्यातून फक्त एकदा, बहुधा साडेसात ते पंचवीस मिलिग्रॅम. इतक्या कमी मात्रेत ते पेशी मारत नाही, संरक्षक यंत्रणेची चिडचिड शांत करते. गुण दिसायला सहा ते बारा आठवडे लागतात, म्हणून धीर हवा. यकृताच्या आणि रक्ताच्या तपासण्या ठरावीक काळाने कराव्या लागतात. खरा धोका वेगळाच आहे. 'आठवड्यातून एकदा' हे 'रोज एकदा' असे वाचले गेले तर ही गोळी जीव घेते, आणि असे मृत्यू झालेले आहेत. वार ठरवून तो कागदावर मोठ्या अक्षरात लिहून ठेवावा. रमजानमध्ये या औषधाने अडचण येत नाही, इफ्तारनंतर घेता येते. आणि बहुतेक डॉक्टर याच्याबरोबर, वेगळ्या दिवशी, दुसरी एक गोळी देतात. तोंड येणे, मळमळणे कमी व्हावे म्हणून. ती गोळी फोलिक आम्लाची.

१९९०च्या दशकापर्यंत डॉक्टरांचा रिवाज असा होता की आधी विश्रांती आणि ॲस्पिरिन, मग पाहू, आणि जोरदार औषधे अगदी शेवटी. नंतर क्ष-किरण चित्रांनी दाखवले की हाडांचे बरेचसे नुकसान पहिल्या दोन वर्षांतच होते. तेव्हापासून क्रम उलटला. निदान झाले की लगेच मेथोट्रेक्सेट, आणि सूज पूर्ण उतरेपर्यंत मात्रेत बदल. जे लवकर येतात त्यांच्यातल्या बऱ्याच जणांची बोटे आयुष्यभर सरळ राहतात. फ्रेंच चित्रकार रेन्वार शेवटची वर्षे कापडात गुंडाळलेल्या, आखडलेल्या हातात कुंचला धरून चित्रे काढत असे. पहिले हृदयरोपण करणाऱ्या क्रिस्टियन बार्नार्ड यांना याच आजारापायी १९८३ मध्ये शस्त्रक्रिया सोडावी लागली. त्यांच्या काळात हे ज्ञान नव्हते. आज आहे.

मेथोट्रेक्सेट पुरे पडत नाही अशांसाठी दुसरी पिढी आली. लुधियान्यात जन्मलेले रविंदर मैनी आणि मार्क फेल्डमन यांनी लंडनमध्ये १९९२ साली दाखवले की टी.एन.एफ. नावाचा एकच रासायनिक निरोप अडवला की सांध्यांतली आग विझते. इंजेक्शने प्रभावी, पण महाग. २०१४ मध्ये अहमदाबादच्या झायडसने अशा एका औषधाची स्वस्त आवृत्ती काढली, तरी ती सामान्य कुटुंबाच्या आवाक्यात आली असे म्हणवत नाही. शिवाय त्यांनी दडलेला क्षय जागा होतो, हे २००१ मध्येच स्पष्ट झाले. आपल्या वस्त्यांत क्षय किती, हे वेगळे सांगायला नको. सुई सुरू करण्याआधी त्याची तपासणी टाळू नये.

हा आजार शहरातल्या चैनीचा नाही, हे महाराष्ट्रातल्याच एका गावाने सिद्ध केले आहे. पुणे-सोलापूर रस्त्यावरच्या भिगवणमध्ये १९९६ पासून डॉ. अरविंद चोप्रा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जागतिक आरोग्य संघटनेच्या योजनेखाली घरोघर पाहणी केली. आमवाताचे प्रमाण हजारी सुमारे पाच निघाले. दहा हजार वस्तीच्या मोहल्ल्यात म्हणजे साधारण पन्नास माणसे, त्यात बायकाच जास्त. सांध्यांचा तज्ज्ञ डॉक्टर मात्र जिल्ह्याच्या ठिकाणीही असेलच असे नाही. मार्च २०२० मध्ये करोनावर हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन चालते अशी हवा झाली तेव्हा या माणसांची गोळी दुकानांतून गायब झाली. जूनपर्यंत मोठ्या चाचणीने सांगितले की करोनात तिचा उपयोग नाही. पण मधल्या काळात ज्यांना तिचा खरा उपयोग होता त्या बायका दुकानांतून रिकाम्या हाताने परतल्या, आणि त्याची बातमी आतल्या पानावरही क्वचितच आली.

शेवटी एक बाब, जी लग्नाच्या बोलण्यांत लपवली जाते आणि म्हणूनच उघड लिहायला हवी. आमवात असलेल्या मुलीला मूल होऊ शकते. मात्र विल्सबाईंच्या बायकांना ज्याची उणीव होती, नेमके तेच द्रव्य मेथोट्रेक्सेट अडवते, म्हणून गर्भाला ते घातक आहे. गर्भ राहण्याच्या काही महिने आधी डॉक्टरांना सांगून ते थांबवावे लागते. सासरी आजार लपवलेला असेल तर गोळीही लपूनच चालू राहते, आणि डॉक्टरांना काही कळत नाही. त्या काळात हायड्रॉक्सिक्लोरोक्वीन आणि सल्फासालाझीन घेता येतात. हेंच यांनी पाहिले तसा गरोदरपणात आजार बहुधा निवतो. बाळंतपणानंतरच्या पहिल्या काही महिन्यांत तो पुन्हा उठतो, नेमका तेव्हा जेव्हा बाळाला उचलायला दोन्ही मनगटे हवी असतात. म्हणून त्या महिन्यांत डॉक्टरांकडे कधी जायचे आणि दूध पाजताना कोणते औषध चालेल, हे पोटात सातवा महिना असतानाच विचारून ठेवावे.